डाव्या कानाचे दोन काप

कलबुर्गी,
८ सप्टेंबर २०२४

अक्का,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. फोन असताना रव्या पोस्टात कशाला कडमडला, असं तुला वाटेल. त्याची दोन कारणं आहेत. तुझा फोन भाऊजींच्या खिशात असतो. मी ‘अक्काला द्या’ म्हटलं की ते आधी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात आणि मग ‘ती मेंढराकडं गेलीया’ म्हणून ठेवून देतात. लग्नाला बारा वर्षं झाली, तू अजून मेंढराकडंच आहेस.

दुसरं कारण माझ्या कामाचं आहे. नोव्हेंबरात आमच्या विभागात मोठी परिषद भरतेय, ‘सीमाभागातील ग्रामशासन आणि सामाजिक धोरण’ या विषयावर. दिल्ली-हैदराबादचे लोक येणार आहेत. मी बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या सात महिला अध्यक्षांवर निबंध वाचणार आहे. तू आपल्या घरातली, आणि ग्रामपंचायतीची अध्यक्ष. तुला सोडून मी कुणाकडे जाऊ? माझे मार्गदर्शक राजशेखर सर म्हणाले, फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, लेखी असलं की त्याला पुरावा म्हणतात. म्हणून सोबत प्रश्न पाठवतोय. उत्तरं मनमोकळी लिही. कुणाचंही नाव येणार नाही, गावाचं नाही, तालुक्याचंसुद्धा नाही. प्रत्येकीला नुसता क्रमांक. माहिती देणाऱ्या बाईला आम्ही उत्तरदाती म्हणतो. तू उत्तरदाती क्रमांक सात.

आणि एक. आपल्या जनवाड्याच्या घरच्या मेंढरांच्या कानावर काप असतात, ते डाव्या कानाला की उजव्या? मी सहावीत वसतिगृहात आलो, विसरलो बघ. एक चित्र काढून पाठव. सरांना असल्या गोष्टी फार आवडतात.

तुझा,
रवी


वाडी, हळ्ळीखेडजवळ,
२० सप्टेंबर २०२४

रव्या,

पोस्टमननं तुझं पाकीट पंचायतीत आणलं आणि म्हणाला, “मॅडम, सरकारी दिसायलंय.” मी उभी राहून उघडलं. निघालास तू. डाव्या-उजव्या कानाचं विसरलास? बाप वर बसून कपाळावर हात मारत असेल.

तुझा पहिला प्रश्न आहे, ‘निर्णयप्रक्रियेत आपला सहभाग कसा असतो?’ माझा सहभाग असा असतो: खुर्ची माझी, खुर्चीमागं नवरा उभा आणि समोर गोदामवाले. त्यांचं नाव लिहीत नाही, कागदाला पाय फुटतात. तू या गावचा नाहीस, तुला नावाशी काय करायचंय? आमच्या वाडीला चाळीस एकर गायरान आहे. आमची, पिराजी काकांची, सगळ्या धनगरवाड्याची मेंढरं तिथंच चरतात. गोदामवाल्यांना तिथं बीदरजवळच्या कोळारला आहेत तसली गोदामं उठवायचीत. त्याला पंचायतीचा ना-हरकत ठराव लागतो आणि ठरावावर माझी सही. तीन बैठकांत कागद पुढं आला. पहिल्यांदा मी चष्मा विसरले म्हणाले. दुसऱ्यांदा पोटात दुखतंय म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांचा पुतण्या पप्पू माझ्या पायापाशी पचकन थुंकला आणि म्हणाला, “हिला कामून इचारायलाव? अंगठा धरून घ्या की.”

त्या दिवशी घरी आल्यावर तुझ्या भाऊजींनी मला दाराच्या अडण्यानं मारलं. आपल्याला इथंच राहायचंय, सही करून मोकळी हो, असं त्यांचं म्हणणं. उजव्या हाताची दोन बोटं टम्म सुजली. ज्या हातानं सही करायची तोच हात मोडायला निघाले, एवढी त्यांची अक्कल. हे तुझ्या निबंधात ‘कौटुंबिक सहकार्य’ या सदरात घाल.

आता खरं सांगते, पण हे फक्त तुला. ठराव मी सदस्यांच्या बैठकीत येऊच देणार नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सगळ्या गावासमोर हात वर करून होऊ दे. तोवर आज डोकं, उद्या पोट. पाच सदस्य आतून माझ्याकडं आहेत. गायरान गेलं तर मेंढरं विकावी लागतील आणि मी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन बसेन. ते मी करणार नाही.

खूण डाव्या कानाला असते. टोकाला एक काप आणि मागच्या कडेला एक. चित्र काढलंय. बापानं लग्नात मला वीस मेंढ्या दिल्या, त्यांच्या पिलांनाही मी तीच खूण ठेवली. सासरची खूण वेगळी. सगळ्या वाडीत जनवाड्याच्या खुणेची मेंढरं फक्त माझी आहेत. भाऊजींना त्याचाही राग आहे.

आईकडं जाऊन ये. तिचे गुडघे धरलेत.

तुझी,
अक्का


कलबुर्गी,
१२ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पेढे पाठवता येत नाहीत म्हणून नुसती बातमी पाठवतोय. माझ्या निबंधाला परिषदेत पहिला क्रमांक मिळाला! शाल, स्मृतिचिन्ह आणि राजशेखर सरांनी सगळ्यांसमोर पाठीवर मारलेली थाप. सर कुणाच्या पाठीवर हात ठेवत नाहीत.

सात बायकांपैकी सर्वांना तूच आवडलीस. पोटदुखीवर सभागृह खो खो हसलं. तुझी ग्रामसभेची युक्ती आणि पाच सदस्यांचा आतला पाठिंबा मी ‘प्रतिकाराच्या वाटा’ या भागात घातला, तेव्हा टाळ्या पडल्या. हैदराबादच्या एक बाई म्हणाल्या, “क्रमांक सात इज माय हिरो.” तुझ्या हातचं कानाचं चित्र पडद्यावर भिंतीएवढं मोठं करून दाखवलं, स्मरणिकेतही निबंधासोबत त्याला अर्धं पान दिलंय. नाव-गाव मी कुठंही येऊ दिलेलं नाही, निर्धास्त राहा.

आणखी गंमत ऐक. दोन दिवसांचं जेवण आणि सगळ्यांच्या पिशव्या बीदरच्या अंकुशराव नावाच्या व्यापाऱ्यांनी दिल्या. पिशवीवर त्यांचाच फोटो आहे. एवढा मोठा माणूस, पण जेवताना माझ्या शेजारी येऊन बसला. स्मरणिका उघडून चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ही खूण लई झ्याक हाय. कुणाच्या घरची?” मी म्हणालो, “ते सांगता येत नाही साहेब, आमचा नियम आहे.” ते हसले. “हुशार हायस पोरा. नियम पाळावाच माणसानं.” माझ्याकडून दोन प्रती मागून घेतल्या. बीदरच्या एका कॉलेजच्या संचालक मंडळावरही आहेत, अर्ज कर म्हणाले. अक्का, तुझ्या पोटदुखीनं माझं नशीब उघडणार असं दिसतंय.

तुझा,
रवी


वाडी,
२१ नोव्हेंबर २०२४

रवी,

अंकुशराव म्हणजेच गोदामवाले.

तुझं पत्र यायच्या आधीच मला कळलं होतं. आठवडी बाजारात मी दोन बोकडं विकायला नेली होती. पप्पू आला. हातात तुमची ती स्मरणिका. भरल्या बाजारात त्यानं माझ्या बोकडाचा डावा कान ओढून कागदाशेजारी धरला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग लोकांना ओरडून म्हणाला, “वाचा रे! अध्यक्षीणबाई नवऱ्याचा मार खात्यात, पुस्तकात छापून आलंय!” लोक हसले. तुझे भाऊजी तिथंच उभे होते.

अरे, खूण म्हणजे आपल्याकडं नाव असतं. नाव खोडून टाकलंस आणि सही तेवढी ठेवलीस. दहा गावांतला कुठलाही धनगर, कुठलाही बकरी घेणारा व्यापारी ती वाचतो. वाचता आली नाही ती फक्त तुला आणि तुझ्या सरांना.

परवा आमचा गडी जेवायला घरी आला होता, तेवढ्यात त्यांनी मेंढवाड्यात शिरून अकरा मेंढ्यांचे कान मुळापासून कापले. डावे आणि उजवे, दोन्ही. मी गेले तर मेंढ्या रक्तानं माखून एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. कान पंचायतीच्या पायरीवर ओळीनं मांडलेले होते, बावीस. गडी आला तर त्याला उसाच्या दांड्यानं तोंडावर मारलं, चार दात गेले. लोकर कातरायची कातर पण घेऊन गेले.

माझे पाच सदस्य आता माझ्याशी बोलत नाहीत. तू मला एवढंच सांग, तो निबंध परत घेता येतो का? आणि तू इकडं ये. तुझ्यावर ओरडायचंय मला, पण समोर बसवून.

अक्का


कलबुर्गी,
५ डिसेंबर २०२४

प्रिय अक्का,

पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. खरंच. मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, छापलेला निबंध परत घेणं म्हणजे आपण चूक मान्य केल्यासारखं होईल. आणि चूक तर झालेली नाही, नियमाप्रमाणे सगळी ओळख झाकलेली होती. कुणी चित्रावरून तर्क केला तर त्याला संशोधक काय करणार? तू पोलिसांत लेखी तक्रार दे, पोच घे, जिल्हा पंचायतीलाही प्रत पाठव. यंत्रणा असतात, त्या वापरायला हव्यात.

अंकुशराव यात असतील असं मला अजून वाटत नाही. पुतण्या वाया गेलेला असेल. ते माझ्याशी फार नीट बोलले. कॉलेजची मुलाखत फेब्रुवारीत आहे. मी आत्ता आलो तर गोष्टी आणखी बिघडतील असं वाटतं. संक्रांतीला नक्की बघतो.

२६ जानेवारीला तू आजारी पड ना. खरंच आजारी पड. नाहीतर एक सही, अक्का. जीव मोठा की गायरान?

तुझा,
रवी


वाडी,
३० जानेवारी २०२५

रव्या,

संक्रांतीला आला नाहीस ते बरंच झालं. तुला माझं तोंड बघवलं नसतं. आईला मी ‘पडले’ म्हणून सांगितलंय. तुला खरं लिहिते.

१० जानेवारीला मी तुरीच्या रानात होते. भर दुपार. कापणीच्या बायका पाणी प्यायला बांधाकडं गेलेल्या. पप्पू आणि आणखी दोघं आले. एकानं केस धरून खाली पाडलं, दुसरा पाठीत गुडघा रोवून बसला. तोंडात ढेकूळ गेलं, ओरडता येईना. पप्पूच्या हातात माझीच कातर होती, मुठीला निळी चिंधी बांधलेली. दुसऱ्या हातात तुझं पान. तो कागद बघून बघून कापत होता रव्या. “हालू नको, वाकडं व्हायलंय,” म्हणाला. टोकाला एक, मागच्या कडेला एक. कातरीचा आवाज कानाच्या आत केवढा मोठा येतो, ते तुमच्या परिषदेत कुणाला ठाऊक नसेल. मग कातर माझ्याच लुगड्याला पुसली आणि म्हणाला, “आता हरवलीस तरी कुणीबी आणून सोडंल.”

त्या रात्री तुझे भाऊजी हळद दाबून धरून बसले आणि रडले. बारा वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, “सही करू नगंस.”

सोळा दिवस मी पदर डोक्यावरून ढळू दिला नाही. लोकांना वाटलं बाई मर्यादेत आली. २६ तारखेला झेंडा झाला, ग्रामसभा बसली. माझ्या पाच सदस्यांपैकी चार जण त्या दिवशी देवदर्शनाला परगावी गेलेले, गाडी अंकुशरावांची. हे तुझ्या ‘प्रतिकाराच्या वाटा’. अंकुशराव माइकवर गोड बोलले, रोजगार येईल, पोरं बीदरला कामून जायलीत, इथंच कामाला लागतील. मग म्हणाले, “अध्यक्षीणबाईंचीबी हरकत न्हाई, व्हय ना?”

मी उठले आणि पदर खाली घेतला.

पिराजी काका पुढं आले. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यांनी माझा कान बोटांनी चाचपला. मग माइक नसताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही जनवाड्याची खूण हाय. माणसाच्या अंगावर कुणी केली ही?” आणि गायरान द्यायला नाही म्हणून हात वर केला. मग धनगरवाड्याचे हात वर गेले, मग मागं बसलेल्या बायकांचे, मग अंकुशरावांच्या भावकीतलेही काही. सेक्रेटरीनं दोनदा मोजले. ठराव पडला.

त्यानंतर काठ्या निघाल्या. त्या आधीच ट्रॅक्टरमध्ये आणून ठेवलेल्या होत्या. एका म्हातारीचं मनगट मोडलं. पिराजी काकांच्या पोराच्या बरगड्यांवर नाचले. पप्पू कुऱ्हाड घेऊन माझ्याकडं आला आणि तुझे भाऊजी मधे पडले. ज्या माणसानं मला अडण्यानं मारलं, तोच माझ्यासाठी मधे पडला. घाव डोक्यात बसला. ते खाली बसले, जेवायला बसतात तसे.

मी अध्यक्षाची खुर्ची उचलली. लोखंडी. पप्पूचा हात कोपरातून उलटा झाला, कुऱ्हाड पडली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज आला तेव्हा मला बरं वाटलं. हे लपवत नाही.

आता तुझे भाऊजी बीदरच्या दवाखान्यात आहेत, शुद्ध नाही. माझ्यावर जीवे मारण्याच्या प्रयत्नाची केस आहे, जामिनावर आहे. ठाण्यात म्हणतात, कान तूच कापून घेतलास, सहानुभूतीसाठी. वर विचारतात, पप्पूकडं काय कारण होतं तुझा कान असा कापायला? नवीन आलेला साहेब जरा ऐकून घेणारा आहे. तो म्हणाला, ज्यानं ते लिहिलं त्यानं दोन ओळी लेखी द्याव्यात: क्रमांक सात म्हणजे तुम्ही, चित्र तुमच्या घरचं, आणि ते पान त्यानं स्वतः अंकुशरावांच्या हातात दिलं. तेवढं आलं तर सगळी साखळी जुळते, कुऱ्हाडीपर्यंत.

दोन ओळी, रव्या. तू दहा-दहा पानं लिहितोस.

अक्का


कलबुर्गी,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

ठाण्याला मी दिलेल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. वाचून रागावशील, म्हणून आधी हे वाच.

सर म्हणाले, एकीची ओळख फोडली तर उरलेल्या सहा जणींचं काय? उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? माझी पदवी अडेल. ते चुकीचं बोलत नाहीत. आणि कॉलेजची मुलाखत झाली, मला घेतलंय. जूनपासून. आईला मी बीदरला माझ्याकडं आणीन, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करू. वकिलाचा खर्चही मीच बघेन. मी आत राहूनच तुला जास्त उपयोगी पडेन, हे तुला हळूहळू पटेल.

भाऊजींना बघायला येतो, परीक्षेचं काम आटोपलं की.

तुझा,
रवी

(प्रत)
मा. पोलीस उपनिरीक्षक यांस,
आपल्या पत्रास अनुसरून कळवितो की, सदर निबंधातील उत्तरदात्यांची ओळख गुप्त ठेवणे संशोधकावर बंधनकारक आहे. निबंधातील रेखाचित्र हे सीमाभागातील पशुपालक समाजातील एका सर्वसाधारण प्रथेचे प्रातिनिधिक चित्र असून ते कोणत्याही विशिष्ट व्यक्तीचे वा कुटुंबाचे आहे असे मला सांगता येणार नाही. कळावे.
रविकुमार, संशोधक विद्यार्थी


वाडी,
९ मार्च २०२५

रवी,

तुझे भाऊजी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी गेले. आईनं तुला फोन केला होता. तू परीक्षेच्या कामात होतास म्हणे. माती आम्ही गायरानाच्या कडेला दिली, मेंढरं तिथूनच जातात-येतात.

साहेबानं तुझं उत्तर मला वाचून दाखवलं. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा सोपं करून सांगितलं. मी म्हणाले, कळलं. खुनाची केस पप्पूवर झालीय, पण भांडणात चुकून लागली असं त्यांचा वकील मांडणार. अंकुशरावांचं नाव कुठंच नाही. माझी केस उभी आहे. पाच-सात वर्षं लागतील असं वकीलबाई म्हणाल्या. खर्च मी बघतेय, तुझा नको. आईही येणार नाही तुझ्याकडं, तिनं स्वतः सांगितलंय.

अध्यक्षपद अजून माझ्याकडं आहे. गायरान पण आहे. रोज सकाळी मी स्वतः मेंढरं घेऊन जाते.

एक गोष्ट मात्र तुला कळवायची आहे. परवा माझ्या कान नसलेल्या अकरा मेंढ्या चरता चरता पिराजी काकांच्या कळपात मिसळल्या. त्यांचा कळप तीनशेचा. खूण नसलेलं जनावर ज्याच्या कळपात जाईल त्याचं, हा आपल्याकडचा रिवाज तुला आठवत नसेल. मी त्या मेंढ्यांवर पाणी सोडलं होतं. संध्याकाळी काका आले, मागं अकराच्या अकरा. आमच्या दारात सोडल्या. मी विचारलं, “काका, तुमाला धड दिसत न्हाई, ह्यांना कान न्हाईत, कसं ओळखलाव?”

काका म्हणाले, “कान कशाला लागतो पोरी? तोंडावरून हात फिरवला की कळतंय, कुणाच्या घरचं हाय ते.”

रव्या, तुझ्याकडं तर चित्र होतं.

भाग्यलक्ष्मी